बाल्टिमोरच्या परसात पुरलेलं औषधांचं कपाट

बाल्टिमोर शहरात जमिनीखालची गटारं फार उशिरा आली. शिकागोनं ती 1850 च्या दशकातच बांधायला घेतली होती. इथे मात्र 1904 च्या फेब्रुवारीत मोठी आग लागून शहराचा मध्यभाग बेचिराख झाला, तेव्हा कुठे नव्या बांधणीबरोबर हे काम मार्गी लागलं. तोवर बारा-चौदा फूट रुंदीच्या, भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांच्या परसात, अगदी मागच्या कोपऱ्यात, एका लाकडी खोपट्याखाली विटांनी बांधलेला गोल खड्डा असायचा. तोच संडास आणि तोच घरचा उकिरडा. फुटकी कपबशी, मटणाची हाडं, शिंपले, रिकाम्या बाटल्या, जे घरात नको ते त्यात जायचं. गटारं आली, खड्डे राख-माती टाकून बुजवले गेले, वर हिरवळ उगवली. आतलं सगळं जागच्या जागी राहिलं.

हे खड्डे शोधून, घरमालकाच्या परवानगीनं उपसून जुन्या बाटल्या काढणारी मंडळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बहुतेक जुन्या शहरांत आहेत. मी त्यांच्यात गेले ती औषधांमुळे. व्यवसायानं मी फार्मासिस्ट, माहेर मिरजेचं, वडिलांचं औषधांचं दुकान. दवाखान्यातला कंपाउंडर लाल मिक्श्चर बाटलीत भरून तिच्या कडेला कात्रीनं दाते पाडलेली कागदाची पट्टी डोसासाठी चिकटवायचा, त्या बाटल्या धुऊन पुसून आमच्या घरात तेला-मधाला वापरल्या जात. जुनी औषधाची बाटली दिसली की हात आपोआप पुढे जातो तो तेव्हापासून. बाल्टिमोरमध्ये दर वर्षी जुन्या बाटल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे एका टेबलामागे एक निवृत्त प्लंबर बसले होते. समोरची एकूण एक बाटली त्यांनी स्वतः खणून काढलेली. कुठली कुठल्या गल्लीत मिळाली ते सांगत होते आणि मी त्यांना त्या बाटलीत काय असायचं ते सांगत होते. निघताना त्यांनी माझा नंबर घेतला. काही आठवड्यांनी फोन आला, "एक परस मिळालंय. येता का?"

घर शहराच्या पूर्व भागात, फेल्स पॉइंटच्या बाजूचं. मालकीणबाई शाळेत इतिहास शिकवतात. त्यांना पत्र लिहून सगळं आधी ठरवलं होतं: किती खोल जाणार, बागेचं काय होणार, दुखापत झाली तर जबाबदारी कोणाची, मिळालेल्या वस्तूंवर पहिला हक्क कोणाचा. सरकारी जमिनीत असं खोदणं गुन्हा आहे. खाजगी जमिनीतही मालकाच्या लेखी होकाराशिवाय हात लावायचा नाही, यावर आमचे प्लंबरकाका ठाम. त्यानंतर मेरीलंडमध्ये 'मिस युटिलिटी' म्हणतात त्या सेवेला 811 वर फोन. ती माणसं फुकट येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून जातात: पिवळी गॅसची, निळी पाण्याची, लाल विजेची, हिरवी गटाराची. आमच्या परसात हिरवी रेघ उजव्या कडेनं गेली होती. डावा कोपरा मोकळा होता.

खड्डा कुठे असेल याचा अंदाज नकाशांवरून येतो. सॅनबॉर्न कंपनीनं आगीच्या विम्यासाठी गावोगावचे नकाशे काढले होते, एका इंचाला पन्नास फूट या मापानं. विटांचं बांधकाम गुलाबी, लाकडाचं पिवळं. विमा कंपनीला आग किती लवकर पसरेल एवढंच हवं होतं, पण त्यामुळे परसातलं लहानसं पिवळं खोपटंसुद्धा नोंदलं गेलं. शिवाय 1869 साली साक्से नावाच्या छापखानदारानं आकाशातून पाहावं तसं सगळ्या बाल्टिमोरचं प्रचंड चित्र बारा तुकड्यांत छापलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते मोठं करून पाहता येतं. आम्ही उभे होतो ती गल्ली मला त्यात सापडली, आणि त्या संध्याकाळी मी जेवायचं विसरून घरं मोजत बसले होते.

पुढचं काम सळईचं. पाच-सहा फुटांची लवचीक पोलादी सळई, वर आडवी मूठ. ती जमिनीत सरळ दाबायची आणि हाताला काय लागतं त्याकडे लक्ष द्यायचं. इथली मूळ माती पिवळसर, चिकट. तीत सळई सगळीकडे सारख्याच जडपणे जाते. काका कोपऱ्यापासून हात-हात अंतरावर सळई घालत सरकत होते. एका जागी ती टक्कन थांबली. वीट. वीतभर आत सरकवली तर सळई लोण्यासारखी खाली गेली आणि करकर असा आवाज आला. "राख," काका म्हणाले, आणि सळई माझ्या हातात दिली. तो करकरीत स्पर्श एकदा कळला की विसरत नाही. बाहेर काढलेल्या टोकाला काळी माती आणि जळक्या कोळशाचे कण होते. चारी बाजूंनी टोचून विटांचं कडं आखून घेतलं. साधारण पाच फूट व्यासाचं निघालं.

गवताचे चौकोन कापून गुंडाळून ओल्या गोणपाटाखाली ठेवले, ताडपत्र्या पसरल्या, तीन पायांची घोडी उभी करून कप्पी-दोर लावला. सुरक्षेबद्दल इथे स्पष्ट लिहिते, कारण हौसेनं परस खणायला घेणाऱ्यांचे जीव गेलेले आहेत. एक घनयार्ड माती दीड टनाच्या आसपास भरते. अंगावर आली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. पाच फुटांपेक्षा खोल चरात आधार हवाच असा अमेरिकेचा कामगार-सुरक्षेचा नियम आहे. विटांचं कडं शाबूत असेल तर तो एक आधार. तरीही काकांनी आतून लाकडी धिरे दिले होते आणि कड्याबाहेर खुरपं घालायचं नाही हा त्यांचा दंडक. आत एक माणूस, वर कायम दोन. डोक्यावर हेल्मेट. कमरेला हवेचं मीटर: ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली गेला की ते किंचाळतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याची खात्री मी सगळ्यांकडून करून घेतली.

वरचे तीनेक फूट राख, विटांचे तुकडे, गंजलेले डबे. त्यात पहिली बाटली आली ती गडद निळी, ब्रोमो-सेल्टझरची. हे औषध बाल्टिमोरचंच. आयझॅक इमर्सन या फार्मासिस्टनं ते काढलं आणि त्यावर इतका पैसा केला की 1911 साली शहरात घड्याळाचा मनोरा बांधून त्याच्या डोक्यावर 51 फुटांची निळी बाटली फिरती ठेवली. बाटली 1936 मध्ये उतरवली, मनोरा अजून आहे. डोकेदुखीवरच्या त्या पुडीत सोडियम ब्रोमाइड आणि ॲसिटॅनिलाइड असायचं. दोन्ही आज कोणी देणार नाही. तिच्याबरोबर पत्र्याच्या दातेरी बिल्ल्यासारख्या बुचाच्या बिअरच्या बाटल्या होत्या. तो बिल्लाही या शहराचा, विल्यम पेंटरचं 1892 चं पेटंट.

काका बाटली हातात घेतली की आधी साच्याची शिवण पाहतात. शिवण बुंध्यापासून निघून थेट ओठावरून पलीकडे गेली असेल तर बाटली यंत्राची, म्हणजे मायकेल ओवेन्सच्या 1903 च्या यंत्रानंतरची. मानेतच विरली असेल तर ओठ हातानं केलेला, त्याआधीची. मग उलटी करून तळ. फुंकून घडवलेल्या बाटलीला ओठ करताना धरायचं कशानं, तर तळाला वितळत्या काचेच्या ठिपक्यानं लोखंडी कांब चिकटवत. काम झालं की ती तोडत. तिचा खरबरीत व्रण तळाला राहतो. 1860 च्या आगेमागे तळ पकडणारा चिमटा आला आणि व्रण जाऊ लागला. व्रणाची बाटली मिळाली की हे लोक अक्षरशः टाळ्या वाजवतात.

राखेखाली पिवळ्या मातीचा घट्ट थर लागला. कोणीतरी मुद्दाम टाकून दाबलेला. म्हणजे हा खड्डा गटारं येण्याच्या कितीतरी आधी बंद झाला होता, आणि नंतर जमीन खचत गेली तशी वर राख पडत राहिली. तो फोडल्यावर माती बदलली. काळी, हिरवट झाक असलेली, मऊ. हीच ती, मैल्याची. वास येतो का असं सगळे विचारतात. सव्वाशे-दीडशे वर्षांत ते कुजून खत झालेलं असतं. ओल्या भागात किंचित आंबूस वास येतो, बाकी पावसाळी जंगलातली जमीन. चाळणीत घेतलं तर द्राक्षांच्या आणि रासबेरीच्या बिया, टोमॅटोच्या बिया जशाच्या तशा. कोणाच्या तरी पोटातून गेलेल्या. आणि शिंपले, ढीगच्या ढीग. चेसापीकच्या उपसागरातली कालवं हा तेव्हा इथल्या गरिबाचा रोजचा घास होता.

हे खड्डे भरले की रात्री मजूर यायचे. आत उतरून बादल्यांनी उपसायचे, पिंपांतून न्यायचे. शेतकरी ते खत विकत घेत. काळोखात घाईनं उपसताना कडेला, तळाला जे राहून जाई तेच आज आपल्याला मिळतं. मी आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या मागच्या बोळातून टोपली न्यायला बाई यायची, आठवते का गं तुला?" आठवते. तिच्यासाठी वेगळं दार होतं, आणि आम्ही मुलं तिला वाट देऊन लांब उभी राहायचो. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीत ब्राह्मण असून भंगीकाम हातात घेतलं, त्याचे धडे आम्हाला शाळेत होते, आणि घरी टोपली होती. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध 1993 साली आणि पुन्हा 2013 साली कायदे झाले. अजून माणसं गटारात गुदमरून मरतात. मी हौसेनं, हेल्मेट घालून, हवेचं मीटर लावून त्या खड्ड्यात उतरले. हा फरक मला तिथे उतरताना प्रत्येक वेळी बोचला आणि तो लिहिल्याशिवाय हा अनुभव मला सांगता येणार नाही.

आठ फुटांच्या खाली वस्तू दाटीनं येऊ लागल्या. तपकिरी झिलईच्या चहादाणीचा तळहाताएवढा तुकडा निघाला. बोटानं पुसला तर विहिरीवर घागर घेतलेली एक बाई उमटली. बाल्टिमोरच्या एडविन बेनेटच्या कारखान्यानं बायबलमधल्या रिबेकाचं हे चित्र चहादाण्यांवर आणलं आणि ते अमेरिकेत घरोघर गेलं. पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावरच्या बायकांची चित्रं पाहत वाढलेल्या मला ती बाई ओळखीची वाटली. काका मात्र एका फ्लास्कची, म्हणजे दारूच्या चपट्या बाटलीची, वाट पाहत होते. त्याच्या एका बाजूला मक्याचं कणीस आणि 'कॉर्न फॉर द वर्ल्ड', दुसऱ्या बाजूला शहराचं स्मारक. त्याचा ओठाकडचा तुकडाच मिळाला. काका तो कितीतरी वेळ उन्हात धरून पाहत होते.

मी आत असताना खुरप्याला काच लागली. खुरपं बाजूला ठेवून बांबूच्या पट्टीनं माती सोडवली. फिकट हिरवट निळी, बोटभर जाडीची, पाच इंचांची बाटली. उभी अक्षरं अंगठ्यानं वाचली: मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप. तिच्याखाली आणखी एक तशीच. मग आणखी. मी वर ओरडून सांगितलं, "एकही बाहेर ओढू नका, आधी फोटो." त्या बाटल्यांच्या कुशीत एक चपटी, कासवाच्या आकाराची काचेची बाटली होती आणि तिच्याशेजारी काचेची बारीक नळी. तान्ह्या मुलांना दूध पाजायची बाटली. तिला लांब रबरी नळी लावून पोर पाळण्यात असताना तोंडात द्यायची, म्हणजे धरून बसायला माणूस नको. ती नळी आतून कधीच स्वच्छ होत नसे. दूध नासायचं, जंतू वाढायचे. तिला पुढे लोकांनी खुनी बाटली म्हटलं.

आणि ते सिरप. 1849 पासून दात येणाऱ्या मुलांसाठी विकलं जाणारं गोड औषध, ज्यात अफूपासून काढलेलं मॉर्फिन होतं. आत काय आहे हे बाटलीवर लिहिण्याची सक्ती 1906 च्या कायद्यानं आली. 1911 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननं अशा औषधांची यादी छापली तेव्हा मथळा होता 'बालघातक'. तरी ते त्यानंतरही बरीच वर्षं खपत राहिलं. औषधशास्त्राच्या वर्गात आम्हाला हे भोंदू औषधांचं उदाहरण म्हणून शिकवलं होतं. खड्ड्यात बसून, दुधाच्या बाटलीला टेकलेल्या त्या बाटल्या बघताना मला मुंबईच्या गिरण्या आठवल्या. पाळीला जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन जात, कारण पोर रडत राहिलं तर सांभाळणार कोण? बाल्टिमोरमध्ये गिरणीच्या जागी कालवं सोलायचे आणि डबाबंद करायचे कारखाने होते. बायका-मुलं तिथे पहाटेपासून उभी असत.

दोन-तीन बाटल्यांना बूच शाबूत होतं आणि आत तळाशी काळपट काही होतं. मंडळींना उघडून वास घ्यायचा होता. मी तेवढं करू दिलं नाही. हातमोज्यांनीच उचलायचं, बूच तसंच ठेवायचं. धुणंही हळूच: मातीसकट थंड पाण्यात भिजत घालायच्या, कधीच गरम नाही, काच तडकते. ॲसिड तर नकोच. पुरलेल्या काचेवर मातीतल्या पाण्यानं इंद्रधनुषी पापुद्रा चढतो. बाजारात तो घासून काढून बाटली चकचकीत करतात. मला तो ठेवलेलाच आवडतो.

संध्याकाळी खरा वाद झाला. यांच्या पद्धतीप्रमाणे बाटल्या टेबलावर मांडून पाळीपाळीनं निवडायच्या. पुरातत्त्वज्ञांचा या छंदावर रोष आहे तो याच वाटणीसाठी, आणि तो रास्त आहे. फिलाडेल्फियात अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयाची इमारत बांधण्याआधी 2014 पासून तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन झालं. असेच विटांचे खड्डे निघाले. एकातून 'पंच' या मद्यमिश्रित पेयाचा मोठा वाडगा निघाला, त्यावर 'ट्रायफेना' नावाच्या जहाजाचं चित्र. वाडगा, पेले, तंबाखूच्या चिलमी सगळं एकत्र ठेवल्यामुळे तिथे विनापरवाना दारूचा गुत्ता चालायचा हे कळलं. वाडगा एकटा कोणी घरी नेला असता तर तो नुसता सुंदर वाडगा राहिला असता. मी काकांना म्हटलं, "विन्स्लोची एक बाटली बाजारात काही डॉलरांना मिळते. पण या दुधाच्या बाटलीला लागून मिळालेल्या या एवढ्याच आहेत." ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "वरचं राखेतलं वाटून घेऊ. खालचं सगळं एका पेटीत." मी थर, खोली, कशाशेजारी काय, सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. ती प्रत पेटीत गेली.

खड्डा त्याच दिवशी बुजवला. आधी विटा-दगड, मग माती, दर दोन फुटांवर तुडवून, वरून पाणी, शेवटी गवताचे चौकोन. मालकीणबाईंना दुसऱ्या दिवशी जागा शोधावी लागली.

घरात कोण राहत होतं हे शोधायला मला जास्त वेळ लागला. 1890 च्या जनगणनेचे कागद 1921 च्या आगीमुळे जवळजवळ सगळे गेले. 1880 च्या जनगणनेत पहिल्यांदा रस्ता आणि घर लिहिलं जाऊ लागलं, पण त्याच दशकात बाल्टिमोरनं घरांचे नंबर बदलले. त्यामुळे शहरातल्या रहिवाशांची नावं-पत्ते देणाऱ्या जुन्या निर्देशिकांवरून नंबर जुळवून घ्यावा लागतो. जुळला. 1880 मध्ये त्या चिंचोळ्या घरात तीन बिऱ्हाडं होती. एकात विधवा आई, कामाच्या रकान्यात कालवं डबाबंद करण्याचा कारखाना, आणि लहान मुलं. धाकटं वर्षाच्या आतलं. बाटल्या तिच्याच होत्या असं तीन बिऱ्हाडांत म्हणता येत नाही. पण तीच बाई मला 1900 च्या जनगणनेत लेकीच्या घरी सापडली. त्या वर्षी बायकांना दोन प्रश्न विचारले होते: किती मुलं झाली, किती हयात आहेत. तिच्यापुढे सहा आणि दोन लिहिलेलं आहे.

तिचं नाव मी मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी पेटी शाळेत नेली. सिरपच्या बाटल्यांना हात लावायच्या आधी मुलांकडून जनगणनेचं पान वाचून घेतलं. एका मुलीनं विचारलं, त्या बाईला आत अफू आहे हे माहीत होतं का? मला तिथे बोलावलं होतं. मी सांगितलं की 1906 पर्यंत बाटलीवर लिहिलेलं नसायचं, पण मूल लगेच झोपतं हे तिला दिसत होतं, आणि सकाळी भोंगा वाजला की तिला जायचंच होतं.

शेजारच्या घराचा होकार आता आला आहे. या वेळी मातीच्या चार बादल्या न चाळता तशाच बंद करून ठेवायच्या, बिया आणि जंतांची अंडी तपासू शकणारं कोणी मिळालं तर द्यायला, हे काकांनी स्वतःहून सुचवलं. मिस युटिलिटीला फोन झालाय. रेघा मारून झाल्या की थंडीनं जमीन गोठायच्या आत सुरुवात करू.